काश्मिरी गेटचं पिवळं चर्च

सोलापूर,
रविवार, सकाळ

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आईनं घेतला आणि ठेवल्यावर बराच वेळ ती गप्प होती. रात्री जेवताना सांगितलं. दिल्लीतल्या मराठी मुलांनी तुझा हेल ऐकून विचारलं म्हणे, "तू नक्की मराठीच का गं?" आणि विजापूरला मामाकडे गेलीस की तिथं तुझ्या कन्नडला हसतात. "मी कुठलीच नाही," असं तू आईला म्हणालीस. ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. फोनवर मला नीट बोलता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. म्हणून लिहायला बसलोय.

तुला सोडायला आलो होतो तेव्हा काश्मिरी गेटजवळ एक पिवळं, मोठ्या घुमटाचं चर्च लागलं होतं, आठवतं? फाटक बंद होतं. मी गजाला धरून उभा राहिलो आणि तू म्हणालीस, "बाबा चला, ऊन किती आहे." तेव्हा सांगायचं राहून गेलं. ते चर्च ज्यानं स्वतःच्या पैशानं बांधलं तो माणूस आत पुरलेला आहे. जेम्स स्किनर. बाप स्कॉटिश, ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला अधिकारी. आई भोजपूरकडच्या राजपूत जमीनदाराची मुलगी. जन्म १७७८, कलकत्ता.

तो बारा वर्षांचा असताना आई गेली. मुलींना तिच्यापासून तोडून शाळेत घालायचं नवऱ्यानं ठरवलं, ते सोसलं नाही, तिनं स्वतःच्या हातानं जीव दिला. पुढं बापानं पोराला छापखान्यात उमेदवारीला लावलं. तिसऱ्या रात्री तो पळाला. खिशात चार आणे. ते संपल्यावर बाजारात हमाली केली, सुतारांचा सामता, म्हणजे भोकं पाडायचं हत्यार, ओढला. ओळखीच्या कुणी धरून आणलं तेव्हा म्हणाला, मला शिपाईच व्हायचंय.

पण कंपनीच्या फौजेचं दार त्याला बंद होतं. गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिसच्या काळात, १७९१ साली, नियम झाला की आईबापांपैकी एक जरी हिंदुस्थानी असेल तरी त्या मुलाला कंपनीच्या मुलकी, लष्करी, आरमारी नोकरीत अधिकारी म्हणून घ्यायचं नाही. १७९५ साली तो आणखी आवळला. फौजेत अशी मुलं फक्त बासरी-ढोल वाजवायला, बँडमध्ये, नाहीतर घोड्यांना नाल ठोकायला.

मग तो गेला कुठं? आपल्या शिंद्यांकडं. महादजींनी द बॉइन नावाच्या सॅव्हॉयकडच्या युरोपी सरदाराकडून कवायती पलटणी उभ्या करून घेतल्या होत्या. महादजी १७९४ साली पुण्याला वानवडीत वारले. त्यांची छत्री तुला सहावीत दाखवली होती. त्यानंतर वर्षा-दोन वर्षांत हा सतरा-अठराचा पोरगा चिठ्ठी घेऊन द बॉइनपुढं उभा राहिला आणि दरमहा दीडशे रुपयांवर रुजू झाला. मराठी फौजेत त्याला कुणी आईची जात विचारली नाही. तिथंच त्यानं तलवार, भाला, घोडा सगळं अंगात मुरवलं. फारसी तर त्याला इंग्रजीपेक्षा सोपी जायची.

आता मला सगळ्यात जवळचा वाटणारा प्रसंग. १८०० साली राजस्थानात उणियाऱ्याच्या लढाईत त्याची पलटण कापली गेली. जांघेत गोळी लागून तो मैदानात पडला. रात्र गेली. आजूबाजूला जखमी, थंडी, पाण्यासाठी ओरडणं. शेजारी त्याचाच सुभेदार, राजपूत, पाय तुटलेला. नंतर तिथं एक चांभार म्हातारी आली. डोक्यावर टोपली, हातात पाण्याचं भांडं. प्रत्येक जखमी माणसाला ज्वारीच्या भाकरीचा तुकडा आणि घोटभर पाणी देत ती पुढं सरकत होती. स्किनरनं घेतलं. सुभेदारानं घेतलं नाही. उरलेत चार घटका, तेवढ्यासाठी धर्म कशाला सोडू, म्हणाला. स्किनरनं त्याला परोपरीनं विनवलं, पण तो ऐकेना.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाचनालयातच पुस्तक मिटून बसलो होतो. सुभेदाराचा राग आला नाही, पोटात तुटलं. दोन माणसं एकाच मातीत रक्त सांडत पडलेली, एकच भाकरी समोर. बरा झाल्यावर स्किनरनं त्या म्हातारीला शोधून हजार रुपये पाठवले, आणि निरोप दिला की तू माझी आई आहेस. त्या मैदानावरच त्यानं नवस केला होता, वाचलो तर देवाचं घर बांधीन. तू पाहिलंस ते चर्च म्हणजे तो नवस.

१८०३ च्या ऑगस्टमध्ये इंग्रज आणि शिंदे यांचं युद्ध जुंपलं. तेव्हा शिंद्यांच्या कवायती फौजेचा सेनापती पेराँ नावाचा फ्रेंच होता. त्यानं इंग्रज रक्ताचे सगळे अधिकारी एका झटक्यात काढून टाकले. स्किनर त्याच्याकडं गेला, मला ठेवा म्हणून विनवलं. पेराँनं ऐकलं नाही. म्हणजे बघ, कंपनीनं आईमुळं नाकारलं आणि शिंद्यांच्या सेनापतीनं बापामुळं. तो इंग्रजांच्या जनरल लेककडं गेला तेव्हाही अट घातली की शिंद्यांवर, ज्यांचं मीठ खाल्लं त्यांच्यावर, मी शस्त्र धरणार नाही.

मला आपल्या बाजूनं या सगळ्याचं फार वाईट वाटतं, ते लपवत नाही. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला लासवारीच्या लढाईत महादजींच्या त्या पलटणी, युरोपी अधिकारी सोडून गेलेले असताना, तोफांपाशी उभ्या राहून शेवटपर्यंत लढल्या. खुद्द लेकनं लिहिलं की हे वीरांसारखे लढले. अशी माणसं होती आणि आपण फौज घालवली.

११ सप्टेंबरला दिल्लीची लढाई झाली आणि पेराँच्या घोडदळातले सुमारे दोन हजार स्वार इंग्रजांकडं आले. लेकनं विचारलं, तुमचा सरदार कोण हवा? ते म्हणाले, सिकंदर साहेब. स्किनरचं त्यांनी सिकंदर केलं होतं. असं पथक उभं राहिलं. सरकारनं आधी अधिकारी नेमला आणि मग माणसं भरली, असं इथं झालं नाही. माणसं आपखुशीनं आली आणि त्यांनी आपला अधिकारी निवडला.

आणि या पथकाची रीत कुठली होती? आपली. शिलेदारी. हल्ली वर्तमानपत्रात पक्षाचे शिलेदार वगैरे छापतात, पण मूळ शब्द सिलाहदार, हत्यार बाळगणारा. महाराजांच्या घोडदळात सरकारी पागेचा घोडा ज्याला मिळे तो बारगीर, आणि घोडा-हत्यार स्वतःचं घेऊन येई तो शिलेदार. महाराजांचा भर पागेवर. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि त्यांच्यामागं एक पाणी वाहणारा पखालजी, एक नालबंद. इंग्रजांच्या बिनकवायती रिसाल्यांनी, म्हणजे घोडदळाच्या पथकांनी, शिलेदारी जशीच्या तशी उचलली, शब्दासकट. स्वार स्वतःचा घोडा, तलवार, कपडे घेऊन यायचा, दरमहा पगार घ्यायचा आणि त्यातच स्वतःचं आणि घोड्याचं पोट भरायचा. रिसाल्यातल्या त्याच्या जागेला असामी म्हणायचे. तिला किंमत असे, ती विकता येई. गोरे अधिकारी मोजके, बाकी तुकड्या चालवायचे रिसालदार, जमादार, दफेदार. घोडा मेला की घरची पुंजी गेली, म्हणून जनावराला जपणं आपोआप येई. पहिल्या महायुद्धात घोडे इतके मेले की ही रीत पेलेना, १९२१ च्या सुमारास ती मोडली.

स्किनरच्या स्वारांचे अंगरखे पिवळे. राजपूत मरायला निघताना केशरी घालत, त्यावरून तो रंग आला म्हणतात. मुक्काम हांसीला, आजच्या हरियाणात. लेफ्टनंट कर्नलचा हुद्दा, सी. बी. हा इंग्रज सरकारचा किताब हे सगळं मिळालं, पण फार उशिरा. १८२५ साली त्यानं फारसीत इथल्या जाती-धंद्यांवर एक सचित्र ग्रंथ लिहवून घेतला, तशरीह-अल-अक्वाम. ज्याला जातीनं दार लावलं त्यानं सगळ्यांच्या जाती बसून न्याहाळल्या, याचं मला नवल वाटतं.

चर्च १८३६ साली पुरं झालं. ४ डिसेंबर १८४१ ला तो हांसीला वारला, तिथंच पुरला. पुढच्या महिन्यात देह काढून त्याच्या स्वारांनी तो दिल्लीला आणला आणि या चर्चमध्ये ठेवला. रिसाला आजही आहे, स्किनर्स हॉर्स, पण आता रणगाड्यांवर.

तुला कुणी विचारलं तर तू सोलापूरची, एवढंच सांग. भाकरी तुझी आणि तुझ्या आईची जोळद रोट्टी एकाच पिठाची आहे, हे घरात तू रोज खाल्लं आहेस. आईनं कुरियरनं कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पाठवली आहे, बुधवारपर्यंत मिळेल. भाकरी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव, तिकडच्या दमट हवेनं मऊ पडतात.

रविवारी सकाळी चर्च उघडं असतं. वेदीजवळ त्याचा दगड आहे. त्यावर काय लिहिलंय ते वहीत उतरवून मला पाठव. त्या दिवशी फाटकाबाहेरून मला वाचता आलं नाही.

तुझे
बाबा