‘खरं नाव’ म्हणजे नक्की कुठलं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या दैनिकात माझी चार ओळींची एक जाहिरात आली, ‘नावात बदल’ या सदरात. फाईलला जोडायची म्हणून मी ती कात्रीने कापली आणि सहज उलटून पाहिली. मागच्या बाजूला एका नटीचा अर्धा चेहरा आणि तुटलेला मथळा होता : ‘...चं खरं नाव ऐकून थक्क व्हाल!’ नटी कोण ते कात्रीने खाल्लं होतं. तरीही मी थक्क झाले, कारण कागदाच्या पुढच्या बाजूला माझंच ‘खरं नाव’ सिद्ध करायची खटपट चालली होती.

माहेरची मी कुमुद. 1979 साली लग्न झालं. सासूबाईंच्या मनात वैशाली होतं. यजमानांनी तांदळाच्या ताटात अंगठीने ते लिहिलं, मी वाचलं, सगळ्यांना पेढे वाटले. झालं. मला कुणी विचारलं नाही आणि विचारायची पद्धतही नव्हती, त्यामुळे मला रागही आला नाही. पुढे बँकेत लागले ती वैशाली म्हणूनच, आणि निवृत्तही वैशाली मॅडम म्हणूनच झाले. पण वडील गेल्यावर गावाकडच्या सव्वा एकर जिराईत जमिनीच्या सातबाऱ्यावर भावांबरोबर माझं नाव लागलं होतं ते कुमुद. आता भाच्यांना वाटप करून हवं आहे. कार्यालयातल्या तरुण मुलाने विचारलं, “कुमुद कोण?” म्हटलं, मी. “आधारवर तर वैशाली आहे.” म्हटलं, तीही मीच. त्याने थोडा विचार केला आणि अगदी सभ्यपणे विचारलं, “मग आजी, कुमुद हयात आहेत का?”

दोन्ही व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र केलं, जाहिरात दिली. ती आपल्याकडे ‘विशाली’ अशी छापून आली. म्हणजे आता आम्ही तिघी झालो. दुसऱ्यांदा पैसे भरून पुन्हा दिली. असो, त्याबद्दल शेवटी लिहिते.

माझं म्हणणं मनोरंजनाच्या पानाबद्दल आहे. मी ते रोज वाचते, आधी तेच वाचते, खोटं कशाला बोलू? पण दर आठवड्याला कुणाचं तरी ‘खरं नाव उघड’ होतं. जणू ती बाई इतकी वर्षं खोट्या नावाने वावरत होती आणि आपल्या वार्ताहराने तिला पकडलं! रीमा लागूंचंच घ्या. माहेरच्या त्या नयन भडभडे. विवेक लागूंशी लग्न झालं, रीमा लागू म्हणून नाव झालं, पुढे दोघे वेगळे झाले, तरी 2017 साली त्या गेल्या त्या रीमा लागू म्हणूनच. यात उघड करायचं काय आहे? आमच्या शाखेत तर त्या डॉ. श्रीराम लागूंच्या कन्या असल्याची पैज लागली होती आणि लावणाऱ्याने चहा पाजायचं नाकारलं, कारण त्याच्या मते ‘आडनाव एक म्हणजे घर एक’. अशा माणसाला आम्ही मुदतठेवीच्या खिडकीवर बसवलं होतं.

आशाताईंचं पाहा. गणपतराव भोसल्यांचा संसार मोडला, 1980 मध्ये राहुलदेव बर्मन यांच्याशी लग्न झालं, पण रेकॉर्डवरचं भोसले काही हललं नाही. लताबाईंचं जन्मनाव हेमा, ते वडिलांच्या नाटकातल्या लतिकेवरून बदललं. आणि मंगेशकर हे आडनाव तरी कुठे पिढीजात होतं? मूळचे हर्डीकर. दीनानाथांनी गोव्यातल्या मंगेशीवरून ते घेतलं. आता यातलं खरं कुठलं आणि खोटं कुठलं, ते आपल्या उपसंपादकांनी मला समजावून सांगावं.

पुरुषांच्या नावांची गोष्ट सांगताना मात्र आपलं पान कौतुकाने ओथंबतं. रजनीकांत मूळचे शिवाजीराव गायकवाड, घरची भाषा मराठी, बंगळूरमध्ये बस कंडक्टर. के. बालचंदर यांनी त्यांना नवं नाव दिलं, कारण तमिळ पडद्यावर एक शिवाजी आधीच होते, शिवाजी गणेशन. गंमत अशी की त्या गणेशन यांचंही ‘शिवाजी’ जन्माचं नव्हे. नाटकात छत्रपतींची भूमिका केली, ती पाहून पेरियारांनी त्यांना ते बहाल केलं. म्हणजे महाराजांचं नाव तिकडच्या गणेशनना मिळालं आणि आपल्या गायकवाडांना सोडावं लागलं! ही हकीकत मी नातवाला दोनदा सांगितली आहे. ती छापताना मथळ्यात ‘थक्क व्हाल’ नसतं, ‘संघर्षगाथा’ असते. बाईच्या नावाची मात्र झडती.

ही झडती कुठपर्यंत जाते ते 2019 च्या लोकसभा निवडणुकीत दिसलं. उत्तर मुंबईतून उभ्या राहिलेल्या उर्मिला मातोंडकर यांचं लग्नानंतरचं म्हणून एक भलतंच नाव फोनाफोनी फिरवलं गेलं. ते मी इथे लिहीत नाही, लिहिलं की आणखी चार जण वाचतील. त्या उभ्या राहिल्या उर्मिला मातोंडकर याच नावाने आणि धर्म बदलला नसल्याचं त्यांनी जाहीरपणे सांगितलं. उमेदवाराचं शपथपत्र कुणालाही पाहता येतं. पण आमच्या भिशीतल्या बायकांना शपथपत्र नव्हे, फॉरवर्ड आला होता.

कधी कधी नुसता आळसही पुरतो. माझी नणंद सांगत होती, ‘नटरंग’मधली सोनाली कुलकर्णी ‘दोघी’मध्ये किती लहान दिसते! वन्सं, म्हटलं, ‘दोघी’ 1995 चा, आणि ‘नटरंग’वाल्या सोनालीचा जन्म 1988 चा. सात वर्षांची पोर नायिकेचं काम करेल का? त्या दोन वेगळ्या बायका आहेत. इंग्रजीत धाकटी शेवटी दोन ‘ई’ लावते, पण देवनागरीत तीही सोय नाही. बातमीत वयाचा किंवा एखाद्या चित्रपटाचा उल्लेख केला तरी भागेल. बँकेत एकाच नावाचे दोन खातेदार असले की आम्ही वडिलांचं नाव, पत्ता, सही ताडून पाहायचो. दुसऱ्याच्या खात्यातून पैसे गेले तर पगारातून वळते होतील ही भीती असायची. आपल्या पानावर एकीची बातमी दुसरीच्या खात्यावर पडली तर वळतं कुणाच्या पगारातून होतं?

आणखी एक. आमच्या शेजारच्या साताऱ्यात ऑक्टोबर 2011 मध्ये ‘नकुसा’ नावाच्या 285 मुलींना एका कार्यक्रमात नवी नावं मिळाली. ज्यांना जन्मापासून ‘नको’ म्हणून हाका मारल्या त्यांनी स्वतः नावं निवडली. त्यातली एखादी उद्या पडद्यावर आली, तर आपण मथळा काय देणार? ‘हिचं खरं नाव नकुसा’?

बँकेत मी अशा कितीतरी जणी पाहिल्या. एफडीवर नॉमिनी म्हणून ‘बेबी’ एवढंच लिहिलेलं, आणि समोर साठीची बाई उभी, नातवाचं बोट धरून. मी त्यांना कधी ‘तुमचं खरं नाव काय’ असं विचारलं नाही. ‘आधीचं नाव काय होतं’ असं विचारायचे. रागवायचं कुणी नाही आणि कामही पटकन व्हायचं. आपल्या पानावरही ‘जन्मनाव’ किंवा ‘आधीचं नाव’ लिहिलंत तर अक्षरं फारशी वाढणार नाहीत. मी जाहिरातीचे शब्द मोजून पैसे भरलेत, त्यामुळे हिशेब करूनच सांगते.

दुसऱ्या जाहिरातीची पावती सोबत जोडली आहे. पैसे परत नकोत. फक्त ‘विशाली’ची चूक आपली होती, असं दोन ओळींचं पत्र आपल्या लेटरहेडवर मिळावं. कार्यालयातला तो मुलगा आता विचारतोय, विशाली कोण?

आपली,
कुमुद ऊर्फ वैशाली
निवृत्त बँक कर्मचारी, मिरज