आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : ‘वयोमानानं होणारच’ म्हणण्याआधी ईएसआरची एक रक्ततपासणी करा

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
यांस सप्रेम नमस्कार.

सत्तरीतलं माणूस ‘अंग धरलंय’ म्हणालं की आपल्याकडे उत्तर ठरलेलं असतं : वाताचा त्रास आहे, वयोमानानं होणारच. कॅल्शियमच्या गोळ्या, एखादं दुखण्याचं इंजेक्शन, घरी शेक. बहुतेकांचं त्यावर भागतं. ज्यांचं भागत नाही, त्यांच्यासाठी हे पत्र.

माझ्या मावशीला सकाळी कुशीवर वळून, पलंगाची कड धरून उठावं लागे. दोन्ही खांदे आणि मांड्या जखडलेल्या. अंबाडा घालायला हात वर जाईना. दुपारपर्यंत ती बरीच मोकळी व्हायची, त्यामुळे घरातल्या काहींना ते नाटकच वाटे. या आजाराला पॉलिमायल्जिया रुमॅटिका म्हणतात. तो पन्नाशीनंतर होतो, बायकांना अधिक. एक्स-रेत काही सापडत नाही, पण ईएसआर आणि सीआरपी हे रक्तातले सूज दाखवणारे आकडे सहसा वाढलेले असतात. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा १२.५ ते २५ मिलिग्रॅमचा रोजचा डोस सुरू केला की बहुतेकांना काही दिवसांतच उतार पडतो.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी आपल्याला तसदी दिली नसती. यातल्या काही रुग्णांना जायंट सेल आर्टरायटिस होतो, म्हणजे धमन्यांच्या भिंतींना सूज येते, विशेषतः कानशिलाच्या आणि डोळ्याला रक्त पुरवणाऱ्या. मावशीचं कानशील ठणकू लागलं, डोक्याला फणी लावू देईना. भाकरी चावताना जबडा भरून यायचा, घास थांबवला की बरं वाटायचं. आम्ही दाताच्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी दाढ काढली. पुढे एका सकाळी उजव्या डोळ्यानं दिसेनासं झालं, ते कायमचंच. असा एक डोळा गेला आणि उपचार झाले नाहीत, तर दुसराही काही दिवसांत जाऊ शकतो. मावशीचा दुसरा वाचला, कारण नेत्रविभागातल्या एका तरुण डॉक्टरबाईंनी जबड्याबद्दल विचारलं आणि त्याच दिवशी स्टेरॉइड सुरू केलं.

नियम खरं तर साधा आहे. दाट संशय असेल तर कानशिलाच्या धमनीच्या बायॉप्सीसाठी (तुकडा काढून तपासण्यासाठी) थांबायचं नाही. ४० ते ६० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन लगेच द्यायचं, नजर धूसर होत असेल तर शिरेतून मोठा डोस. औषध सुरू झाल्यावरही आठवडाभर तरी बायॉप्सीत आजार सापडू शकतो. पण आपल्याकडे आधी रिपोर्ट, मग रेफर चिठ्ठी, मग एसटी.

हा आजार उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत सर्वाधिक आढळतो. आपल्याकडे नोंदी कमी आहेत. विचारतच नाही, तर नोंद होणार कुठून?

स्टेरॉइडची खैरात करा, असं माझं म्हणणं नाही. गुडघे दुखले की पुडीतून स्टेरॉइड देणारे गावोगाव आहेत, त्यांना आवरायलाच हवं. हे औषध वर्ष-दोन वर्षं हळूहळू कमी करत द्यावं लागतं. साखर, रक्तदाब आणि हाडं सांभाळावी लागतात, आणि मध्येच बंद केलं तर जिवावर बेतू शकतं. म्हणूनच ते सरकारी केंद्रात, नोंद ठेवून मिळावं.

राष्ट्रीय वृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रमात प्राथमिक आरोग्य केंद्रावर ज्येष्ठांसाठी साप्ताहिक क्लिनिकची तरतूद आहे. तिथे पन्नाशीपुढच्या प्रत्येकाला एवढं विचारलं जावं : सकाळी खांदे-मांड्या तासभर आखडतात का? डोकं नव्यानंच दुखतंय का? चावताना जबडा दुखतो का? मधूनच नजर अंधारते का? उत्तर ‘हो’ आलं तर त्याच दिवशी ईएसआर. नळीत रक्त तासभर उभं ठेवायचं, मोठं मशीन लागत नाही. प्रेडनिसोलोन स्वस्त आहे, ते केंद्रात कायम असावं. आणि डोळ्याला धोका दिसला तर पहिला डोस देऊन मगच रुग्णाला पुढे पाठवण्याचा अधिकार वैद्यकीय अधिकाऱ्याला लेखी मिळावा. परिपत्रक एका पानाचं पुरेल. फक्त ते आशाताईंपर्यंत मराठीत पोहोचावं.

आपली विश्वासू,
एका रुग्णाची भाची