त्या वह्या रद्दीत देऊ नका

पॅरिस,
रविवार, रात्र

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

फोनवरचं बोलणं अर्धवट राहिलं म्हणून लिहितेय. बाबांना फोनवर नीट ऐकू येत नाही आणि आई, तू ‘बिल वाढतंय’ म्हणून मधेच ठेवून देतेस. व्हॉट्सअॅपच्या फोनला बिल येत नाही हे सांगून सांगून मी थकले. दादा या पत्राचं मोठ्या अक्षरात प्रिंट काढून देईल.

आई, तू जाता जाता म्हणालीस की दिवाळीआधी माळा रिकामा करायचाय आणि बाबांच्या दुकानातल्या मापांच्या वह्या रद्दीवाल्याला द्यायच्यात. पोतंभर आहेत, वाळवी लागेल, आता कोण बघणार. मी तेव्हा ‘हं’ म्हणाले. पण काल लूव्रला जाऊन आले आणि तेव्हापासून त्या वह्याच डोक्यात आहेत. का, ते सांगते. जरा लांबण लागेल.

लूव्र म्हणजे इथलं ते मोठं म्युझियम, पूर्वीचा राजवाडा. तिथे चौदाव्या लुई राजाचं 1701 सालचं चित्र आहे, पावणेतीन मीटर उंच. बाबा, तुम्हाला त्याच्यासमोर उभं करायला हवं होतं. बाकीचे लोक राजाचं तोंड बघतात, तुम्ही अस्तर बघितलं असतं. वरून निळी मखमल, तिच्यावर सोनेरी लिलीची फुलं, आणि आतून सगळी अर्मिनची कातडी. अर्मिन म्हणजे मुंगसापेक्षाही लहान प्राणी. थंडीत तो पांढराशुभ्र होतो, फक्त शेपटीचं टोक काळं राहतं. ती काळी टोकं पांढऱ्यावर ठिपक्यांसारखी दिसतात. झगा खांद्यावरून असा उलटवून टाकलाय की बाहेरच्या कापडापेक्षा अस्तरच जास्त दिसावं. तुम्ही नेहमी म्हणायचात, गिऱ्हाईक बाहेरचं बघतं आणि शिंपी आतलं. इथे राजानेच आतलं बाहेर काढून दाखवलंय. झगा जमिनीवर लोळतो तिथल्या चुण्या बघताना कळतं की हे ओझं दोन माणसांनी उचलायचं आहे. राजा तेव्हा साठी ओलांडलेला, पण पांढऱ्या मोज्यातले पाय पंचविशीतले वाटतात. बुटांच्या टाचा लाल. राजदंड उलटा धरून त्यावर काठीसारखा रेललाय.

हे चित्र खरं तर स्पेनला जायचं होतं. लुईचा नातू तिथे नुकताच राजा झाला होता, त्याला आजोबांची आठवण म्हणून. पण आजोबांना ते इतकं आवडलं की त्यांनी ते स्वतःकडेच ठेवून घेतलं.

चित्रकाराचं नाव यासँत रिगो. घरी येऊन त्याच्याबद्दल वाचायला घेतलं आणि पहिल्याच पानावर एकटीच हसले. शिंप्याचा मुलगा निघाला! दक्षिणेत, स्पेनच्या हद्दीजवळ पेर्पिन्यां नावाचं गाव आहे, तिथला. जन्म जुलै 1659चा. तेव्हा ते गाव स्पेनच्या राजाकडे होतं. त्याच नोव्हेंबरात तह झाला आणि ते फ्रान्सकडे आलं. गाव जागेवर, राज्य दुसरं, घरातली भाषा कातालान. बेळगावच्या आत्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. वडील तो दहा वर्षांचा असतानाच गेले. मग माँपेलिए, ल्यों असं करत शिकत तो 1681 मध्ये पॅरिसला पोचला.

पुढच्याच वर्षी त्याला चित्रकलेच्या अकादमीचं पहिलं बक्षीस मिळालं. असं बक्षीस मिळालं की रोमला जायचं, पुराणातली, बायबलमधली मोठमोठी चित्रं काढायला शिकायचं, हा राजमार्ग. माणसांचे चेहरे काढणं म्हणजे त्या मानाने दुय्यम काम. पण राजाचा मुख्य चित्रकार ल ब्रँ त्याला म्हणाला, रोमला जाऊ नकोस, चेहरेच काढ. त्याने ऐकलं. माझ्या मते त्याच्या आयुष्यातला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय हाच. नंतर साठ वर्षं राजे, सरदार, बिशप, सावकार त्याच्या दारात रांग लावून होते.

आता वह्यांकडे येते. या माणसाने 1681 पासून हिशेबाची वही ठेवली. कोणाचं चित्र, किती पैसे, आणि कारखान्यातल्या कोणी कोणतं काम केलं ते. कारण एवढी चित्रं एकट्याने होत नाहीत. तोंड तो स्वतः काढायचा, कपडे, लेस, मागचे पडदे पुष्कळदा हाताखालची माणसं रंगवायची. युद्धाचा देखावा हवा तर त्यातला कसबी वेगळा, फुलं हवी तर वेगळा. राजाच्या त्या चित्रातसुद्धा तोंड वेगळ्या कापडावर काढून मग मोठ्या कापडात बसवलंय. बाबा, तुम्ही कटिंग करायचात, काज-बटणं तात्यांकडे, हातशिलाई आणि तुरपाई पलीकडच्या गल्लीतल्या काकूंकडे, तसंच. आणि गंमत म्हणजे त्यांच्या बोलीत या कामाला चित्राला ‘कपडे घालणं’ म्हणायचे. अमक्याने तमक्या साहेबांना कपडे घातले, एवढे पैसे दिले, अशा नोंदी आहेत. गिऱ्हाइकाला खास त्याच्यासाठी योजलेला पोशाख हवा तर दर चढा. आधी कोणासाठी तरी काढलेलाच पोशाख चालत असेल तर स्वस्त. म्हणजे रेडिमेडच की!

ती वही आज इथल्या एका मोठ्या संस्थेच्या ग्रंथालयात जपून ठेवलीय. 1919 मध्ये ती छापलीसुद्धा. कुठली बाही कोणाच्या हातची आहे हे आज अभ्यासक सांगतात ते तिच्याच जोरावर. हाताखालच्या किती जणांची नावं नाहीतर कुणाला कळलीच नसती.

आणि आई, आता तुझ्यासाठी. त्याच म्युझियममध्ये रिगोचं एक लहान चित्र आहे, जेमतेम मीटरभर रुंद. 1695 मध्ये तो मुद्दाम पेर्पिन्यांला गेला आणि आईचं चित्र काढलं. तिचं नाव मारिया सेरा. एकाच कापडावर ती दोनदा आहे, एकदा बाजूने आणि एकदा जराशी समोर वळलेली. साधे कपडे, डोकं झाकलेलं, गालावर, हनुवटीखाली सुरकुत्या जशाच्या तशा. दोनदा का, तर त्याला पॅरिसमधल्या क्वाझव्हो नावाच्या शिल्पकाराकडून आईचा संगमरवरी पुतळा करून घ्यायचा होता. आई एवढ्या लांब, आठशेच्या वर किलोमीटर, घोडागाडीने येणार नाही. मग शिल्पकाराला सगळ्या बाजू कळाव्यात म्हणून हे माप घेतलं. हो, मापच म्हणायचं. पुतळा 1706 मध्ये झाला, तोही लूव्रमध्येच आहे.

मी त्या चित्रासमोर बराच वेळ उभी होते. राजाच्या चित्रात कापड बोलतं, इथे त्याने कापड जवळजवळ सोडूनच दिलंय. कानाजवळची कातडी, नाकाचा शेंडा, खालच्या पापणीतला ओलावा, सगळं बघून बघून काढलेलं. बायकांची चित्रं काढायला तो नाखूश असायचा म्हणे. आहे तशी काढली तर त्यांना पटत नाही आणि सुंदर काढली तर ती त्यांची राहत नाही. आईच्या बाबतीत ही अडचण आली नसावी.

तेव्हा वाटलं, माझ्याकडे तुझा बाजूने काढलेला एकही फोटो नाही. समोरूनचे चार आहेत, चारही लग्नातले, चारहीत तू ‘पुरे आता’ म्हणताना तोंड अर्धं उघडं. यावर रिगोकडे तोडगा आहे. राँसे नावाचे एक मठाधिपती होते, चित्र काढू द्यायला अजिबात तयार नसत. सँ सिमों या सरदाराने 1696 मध्ये रिगोला लष्करी अधिकारी म्हणून त्यांच्या भेटीला नेलं. हा फार तोतरा आहे, बोलणार नाही, नुसता बसून बघेल, असं सांगितलं. रिगोने मुकाट बघून घेतलं आणि बाहेर येऊन आठवणीने चित्र काढलं. सँ सिमोंने हे स्वतःच आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय, नंतर मठाधिपतींकडे कबुलीही दिली. तू ऐकली नाहीस तर मीही जानेवारीत तोतरी होऊन येईन.

तर बाबा, वह्या देऊ नका. मला त्यातली एकेक आठवते. लाल पुठ्ठ्याची, वर खडूचे पांढरे बोटांचे ठसे, प्रत्येक पानाला टाचणीने टोचलेला कापडाचा तुकडा, खाली तुमच्या बारीक अक्षरात छाती, कंबर, बाही, आणि कोपऱ्यात ‘डावा खांदा उतरता’ किंवा ‘पोट सुटतंय, शिलाई ठेवणे’. अर्ध्या मिरजेच्या दोन पिढ्यांची अंगं आहेत त्यात. काज-बटणांचे पैसे तात्यांना कोणत्या तारखेला दिले तेही आहे. टाचण्या गंजल्या असतील, तेवढ्या जपून काढा, कापडाचे तुकडे मात्र पानातच राहू देत. वह्या एक दिवस उन्हात ठेवून पत्र्याच्या ट्रंकेत डांबरगोळ्या घालून ठेवायला दादाला सांगते. माळा हवा असेल तर माझी कॉलेजची पुस्तकं द्या रद्दीत.

आणि एक विचारायचं राहिलं. लहानपणी दुपारी दुकान बंद असायचं तेव्हा मी त्या वह्या चाळत बसायचे. शेजारच्या मामी, शाळेतल्या बाई, सगळ्यांच्या ब्लाउजची मापं सापडायची. आईचं माप कुठल्या पानावर आहे? मला कधीच सापडलं नाही.

तुमची,
बेबी