शनिवारच्या तासाआधी तुला हे सांगायचंय

पेडणे, गोवा
नागपंचमी

प्रिय सखे,

तुझा निरोप पोचला. येत्या शनिवारी आमच्या शाळेतल्या मुलींशी, विमानांचे भाग तपासण्याच्या तुझ्या कामाबद्दल ऑनलाइन बोलायला तू हो म्हणालीस, जीव भांड्यात पडला. पण पुढे लिहिलंयस, ‘प्रेरणादायी असं थोडं बोलते.’ त्या एका ओळीपायी हे लांबलचक पत्र. प्रेरणा राहू दे गं. तू मुलींना तुझं टेबल दाखव. त्यावर काय काय असतं, सकाळी आल्यावर पहिल्यांदा हात कशाला लागतो, दिवसभर कंटाळा कशाचा येतो, ते सांग.

हे मी का म्हणते ते ऐक. अवकाश आणि विमान म्हटलं की आमच्या मुलींच्या तोंडी दोनच नावं येतात, कल्पना चावला आणि सुनीता विल्यम्स. दोघींबद्दल मला आदर आहेच. पण त्या इतक्या उंचावर आहेत की मुली हात जोडतात आणि वही मिटतात. ‘मी तिथे काय करीन?’ हा प्रश्न मुळी पडतच नाही. दुसऱ्या टोकाला आपलं मोपाचं विमानतळ. २०२३च्या जानेवारीपासून विमानं डोक्यावरून जातायत, गावातल्या काही मुली तिथे कामालाही लागल्या, पण काउंटरवर, दुकानात, साफसफाईत. ती कामं कमी प्रतीची असं मला अजिबात म्हणायचं नाही. पण विमानाच्या पोटात शिरणारी, त्याची तपासणी करणारी, ‘हे आता उडू शकतं’ म्हणून सही करणारी बाई त्यांनी पाहिलेलीच नाही. ज्यांच्या काजूच्या बागा त्या पठारावर गेल्या, त्यांच्या मुलींना निदान ते दार कुठे आहे हे तरी ठाऊक असायला हवं ना?

म्हणून गेल्या काही महिन्यांपासून मी शाळेच्या कॉम्प्युटर खोलीत हा तास घेते. शेजारच्या एक-दोन गावांच्या शाळाही स्क्रीनवरून जोडून घेतल्यात. घरून जोडा असं सांगून पाहिलं तर मुलीच येईनात. घरात फोन एक, आणि तो आधी भावाच्या हाती. तेव्हापासून तास शाळेच्याच वेळात. आणि मुलगेही बसतात, मी मुद्दाम बसवते. उद्या यांच्यातल्या कुणाची तरी वरिष्ठ बाई असणार आहे, कुणाची तरी बहीण बंगळुरूला जायचं म्हणणार आहे.

सगळ्यात रंगलेला तास सांगते. मंगळाचा. एका मुलीला तिच्या शाळेत रिकाम्या वर्गात उभं केलं, डोळ्यांवर ओढणी, हातात फोन. ती म्हणजे यान. बाकीच्यांनी तिला दारापासून खिडकीपर्यंत न्यायचं. अट एकच, प्रत्येक हुकूम चॅटवर लिहायचा, आणि तो मी एक मिनिट उशिरा तिला वाचून दाखवणार. तिचं चित्रही आम्ही मध्येमध्येच बघणार. सुरुवातीला नुसता गोंधळ. ‘उजवीकडे, उजवीकडे’ असं इकडे लिहून होईतो तिकडे ती बाकावर आदळलेली. ‘थांब’ पोचतो तेव्हा थांबण्यात अर्थच उरलेला नसतो. मग हळूहळू आवाज खाली आले. एकीने कागद घेऊन खोलीचा नकाशा काढला. दुसरी म्हणाली, ‘टीचर, सगळे हुकूम आधीच एकदम पाठवूया, आणि बाक लागला तर काय करायचं तेपण त्यातच लिहूया.’

तिथे मी खेळ थांबवला आणि २४ सप्टेंबर २०१४ची सकाळ सांगितली. मंगळयान मंगळापाशी पोचलेलं, संदेश एका बाजूने जायला १२ मिनिटांहून जास्त लागत होती. जवळजवळ ३०० दिवस बंद असलेलं मुख्य इंजिन दोन दिवस आधी ४ सेकंद पेटवून पाहिलं होतं. आता ते सुमारे २४ मिनिटं चालायला हवं होतं, आणि त्यातला बराच वेळ यान मंगळाच्या आड. इथून कोण काय करणार? हुकूम आधीच चढवून ठेवलेले, आणि अडचण आली तर यानाने आपलं आपण काय ठरवायचं तेही त्यात घातलेलं. यानाला असं स्वतःचं स्वतः वागायला शिकवण्याच्या कामात इस्रोच्या रितू करिधाल होत्या. त्या आणि नंदिनी हरिनाथ, दोघी त्या मोहिमेच्या डेप्युटी ऑपरेशन्स डायरेक्टर. हे सांगितलं तेव्हा ती नकाशावाली मुलगी सरळ म्हणाली, ‘म्हणजे आम्ही आत्ता केलं तेच.’ तेच गं! त्या क्षणी तिला नाव पाठ करावं लागलं नाही, काम कळलं होतं.

त्याच दिवसाचा तो फोटो तुला आठवत असेल, रेशमी साड्या, गजरे, एकमेकींना आनंदाने भेटणाऱ्या बायका. जगभर फिरला, ‘मंगळावर पोचवणाऱ्या शास्त्रज्ञ’ म्हणून. नंतर इस्रोनेच स्पष्ट केलं की त्या प्रशासनातल्या कर्मचारी होत्या. मी तो फोटो वर्गात लावते आणि विचारते, यातली प्रत्येक जण दिवसभर काय काम करत असेल? मुली खूप काही सुचवतात. मग खरं सांगते. काहींचा चेहरा पडतो. तेव्हा विचारते, सुटे भाग वेळेवर मागवणारं, पगार काढणारं, करार तपासणारं कुणी नसेल तर यान उडेल का? हिशेबात हुशार असलेल्या आणि फिजिक्सला घाबरणाऱ्या मुलींचे कान तिथे टवकारतात.

बाकीचे तास थोडक्यात. फेट (PhET) या विज्ञानाच्या वेबसाइटवरचं गुरुत्व आणि कक्षांचं सिम्युलेशन फुकट चालतं. गुरुत्व बंद केलं की पृथ्वी सरळ रेषेत निघून जाते, ते बघून वर्ग ओरडतो. दाबोळीच्या धावपट्टीवर २६ हा आकडा का, याचा एक तास घेतला: २६० अंश, म्हणजे जवळजवळ पश्चिम. पावसाळ्यात वारा समुद्रावरून येतो, विमान त्याच्या तोंडावर उतरतं आणि चढतं. टॉवरमध्ये बसणाऱ्या माणसाचं काम तिथून आपोआप निघालं. केरीच्या एका रापणकाराची मुलगी म्हणाली की काकाच्या मोबाइलवर मासळी कुठे मिळेल याचा निरोप येतो. मग उपग्रह समुद्राचं तापमान आणि पाण्याचा हिरवेपणा कसा मोजतात, आणि हैदराबादहून इन्कॉइस ही समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था ते निरोप कसे काढते, यावर तास गेला. रॉकेटचं नावही न काढता ती पोर अवकाशाच्या कामापाशी येऊन पोचली.

आणि निगार शाजी. तामिळनाडूतल्या सेंगोट्टाईची, सरकारी शाळेत शिकलेली बाई सूर्याचा अभ्यास करणाऱ्या आदित्य एल-१ यानाची प्रकल्प संचालक होते. २ सप्टेंबर २०२३ला ते यान निघालं, पुढच्या ६ जानेवारीला १५ लाख किलोमीटरवरच्या आपल्या जागी पोचलं. मोठ्या शहरातली, मोठ्या शाळेतली असावं लागतं, ही समजूत माझ्या वर्गात खोल रुतलेली आहे. आमच्याकडे चौथीपर्यंत मराठी, मग एकदम सगळं इंग्रजीत, आणि पाचवीच्या वर्षी कितीतरी बोलक्या मुली गप्प होतात. म्हणून तू मराठीतच बोल. अधूनमधून कोकणी आली तर फारच छान.

आता तुझ्या तासाचं. कंपोझिटचा, म्हणजे थरावर थर चिकटवून केलेल्या विमानाच्या साहित्याचा, तो टाकाऊ तुकडा आणता येतो म्हणालीस ना, परवानगी मिळाली तर तो आण, नाही तर कसलाही थरांचा जुना पत्रा चालेल. आणि एक नाणं. थर सुटलेत का ते नाण्याने ठोकून कसं ओळखतेस ते त्यांना ऐकव: चांगल्या जागी खणखणीत, सुटलेल्या जागी बद्द. माठ वाजवून घेणाऱ्या आज्यांच्या या नाती, त्यांना ते लगेच कळेल. फक्त व्हिडिओ कॉल असे ठोके गोंगाट समजून गाळून टाकतो, तेव्हा आवाजाच्या सेटिंगमध्ये जाऊन ते गाळणं बंद कर. शुक्रवारी रात्री आपण दोघी एकदा करून बघू. मग आतले दोष शोधायला जेल लावून ध्वनिलहरींचा प्रोब फिरवतेस तेही दाखव, आणि आपल्या पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीतही विमानांचे असे भाग बनतात हे आवर्जून सांग. अकरावीला कुठले विषय घ्यावे लागतात, आयटीआयवरून या कामात शिरता येतं का, पहिला पगार किती होता, हेही. पगार सांगायला संकोचू नकोस. आयांना तोच आकडा हवा असतो, आणि त्यांचं बरोबर आहे.

मुलींनी प्रश्न लिहून दिलेत. बायकांच्या मापाचे सुरक्षा बूट मिळतात का? रात्रपाळीहून घरी कसं यायचं? मासिक पाळीत दिवसभर उभं राहावं लागतं का? लग्न झाल्यावर कुणी सोडायला लावलं का? खरं आहे तेच सांग, गोड करून नको. कुठे त्रास झाला असेल तर तोही सांग.

एक प्रश्न मात्र सगळ्यांच्या आधी घे आणि त्याला वेळ दे. मागच्या बाकावरच्या, क्वचितच तोंड उघडणाऱ्या मुलीने तो चिठ्ठीवर लिहून माझ्या टेबलावर ठेवला होता: ‘तुम्हाला भागात चूक सापडली आणि मोठे साहेब म्हणाले चालेल, तर सही करावीच लागते का?’

शनिवारी सकाळी साडेदहा. दहाला जोडून राहा, पावसात आमची लाइन जाते-येते.

तुझीच,
बाकावरची शेजारीण