शनिवार तेलिणीचं पत्र

दिमोना, इस्रायल
फेब्रुवारी

प्रिय सुलू,

तिकडे आता पोपट्या लागत असतील. भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, आणि मडकं उपडं करताना दरवर्षी बोटं भाजून घेणारा तुझा भाऊ. हे सगळं वर यायला निमित्त झालं नातीच्या शाळेचं.

इथे बारा-तेरा वर्षांच्या मुलांना ‘शोराशिम’ करायला लावतात. शोराशिम म्हणजे मुळं. घरच्या म्हाताऱ्यांना बोलतं करायचं, माणसं कुठून आली ते लिहायचं. हिच्या वर्गात तर घरचा एक पदार्थ आणि एक गोष्टही न्यायची होती. नात म्हणाली, “आजी, समोसे कर ना.” समोसे! अगं, अलिबागच्या आमच्या इस्रायल आळीत कुणाच्या घरी कधी समोसा तळलेला आठवतोय तुला? इथल्या लोकांना भारत म्हटलं की तेवढंच सुचतं. मी म्हटलं, मलिदा करीन, आम्हा बेने इस्रायलांचा, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचा.

आमच्या ओटीवर बसून तू तो कितीदा खाल्ला आहेस. पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, बदाम-बेदाणे, परातीत डोंगर आणि भोवती पाच तऱ्हेची फळं. एलियाहू हनाबीचं, आमच्या संदेष्ट्याचं, नाव घेऊन झालं की आई आधी तुझ्याच हातावर ठेवायची, पाहुणी म्हणून. मला राग यायचा. इतर देशांतून आलेल्या ज्यूंना हा प्रकार ठाऊक नाही, तो आपल्या कोकणातलाच. पण इथल्या दुकानात पातळ पोहे तेवढे होते. मी सवयीने जाडे समजून भिजवले आणि लगदा झाला. छप्पन्न वर्षं संसार करून पोहे बिघडवले! रात्री नऊला जावयाला पुन्हा दुकानात पिटाळलं.

वर्गात एका मोरोक्कन आजीने मुफलेता आणला होता, कुणी येमेनी जखनून, कुणी इराकी कुब्बे. मी मलिदा वाढला आणि आमच्या पूर्वजांची नवगावची गोष्ट सांगितली: गलबत फुटलं, सात पुरुष नि सात बाया किनाऱ्याला लागल्या, पोथ्या बुडाल्या, शेमाची प्रार्थना तेवढी तोंडात राहिली. मग तेलाचे घाणे घातले. शनिवार आमचा विश्रांतीचा, त्या दिवशी घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं शनिवार तेली. आणि माझी मैत्रीण सोमवार तेल्यांची, तिच्याकडे सोमवारी बैल सुटलेला, हेही सांगितलं. पोरं खिदळली. बाजारात भांडणापुरते दोन दिवस तरी राखून ठेवले होते का, असं एकाने विचारलं.

मग बाईंनी विचारलं, “तिथे छळ झाला म्हणून निघालात ना?” त्यांची चूक नाही. वर्गातल्या निम्म्या गोष्टी तशाच होत्या. मी म्हटलं, नाही हो. कुणी एक दगड मारला नाही. निघालो त्या दिवशी एस.टी.शी शेजाऱ्यांची रांग होती, डबे होते, आणि तुझी आई पदराने डोळे पुसत होती. “मग आलात का?” हे नातीने विचारलं, सगळ्यांसमोर.

मी म्हटलं, दर वर्षी पेसाहच्या सणाला ‘पुढल्या वर्षी यरुशलेमात’ म्हणायचो, ते वडिलांनी मनावर घेतलं. हे खरंच आहे. पण अर्धं आहे. मामा आधी आले होते, दिमोना नुकतं वसलं होतं, काम मिळत होतं.

घरी येताना तिने पुन्हा टोकलं, तेव्हा उरलेलं सांगितलं. आम्ही 1968 साली आलो. त्याच्या थोडंच आधी इथल्या ज्यू धर्मपीठाने आमचे लोक पुरते ज्यू आहेत की नाहीत यावर शंका काढली होती. दुसऱ्या ज्यूंशी लग्न करायचं तर आजी-पणजीपर्यंतची चौकशी. आमची माणसं यरुशलेमात धरणं धरून बसली, तेव्हा कुठे 1964 मध्ये मिटलं. अलिबागेत शंका कुणी काढली नव्हती बघ. तिथे आडनावातच किहीम नाही तर पेण असायचं आणि शनिवारी बंद असलेला घाणा सगळ्या गावाला दिसायचा.

तिने ते वहीत लिहिलं, मलिद्याच्या कृतीखाली, त्याच पानावर. मी पुसायला सांगणार होते. नाही सांगितलं.

आता कामाचं. भाचा मार्चमध्ये मुंबईला येतोय. त्याच्याबरोबर किलोभर कडवे वाल दे. उन्हाळ्यातला मोठा उपास आम्ही अजून बिरड्यानेच सोडतो, आणि डाळिंब्या सोलायला यंदा नातीला बसवणार आहे. ते बिरडं नारळाच्या दुधात करते हे तिला माहीत आहे. आमच्यात मटणाबरोबर दूध-ताक चालत नाही, सोलकढी चालते, तेव्हा जमली तर चार आमसुलंही टाक.

आणि पोहे. जाडे, सुलू. पाकिटावर काय लिहिलंय ते वाचू नकोस, हातात घेऊन बघ.

तुझीच,
रेबेका