त्या व्हिडिओतला फ्लेक्स मी छापलेला आहे

शहापूर, बेळगाव

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री 'आज बेळगावात आपल्या मराठी माणसांना मारलं' म्हणून तू घरच्या ग्रुपवर टाकलेला व्हिडिओ मी तीनदा बघितला. तिसऱ्या वेळी मारणाऱ्यांकडे बघितलंच नाही, मागच्या भिंतीकडे बघितलं. तिथं गणेश मंडळाचा फ्लेक्स आहे आणि त्याचा उजवा कोपरा सुटून लोंबतोय. तो आपल्या दुकानातला. कोपऱ्यातली रिंग नीट बसली नव्हती म्हणून मंडळाच्या पोरांनी माझे दोनशे रुपये कापले होते. त्याला तीन वर्षं झाली. भांडण खरं, मार खाणाराही आपलाच. 'आज' तेवढं खोटं.

तू पुण्यात बसून ते कसं ओळखणार? तुझ्यावर रागावलो नाही. पण हा धंदा मी आतून बघतो, आणि तुला त्यातलं कधी काही सांगितलं नाही.

चार पोरं वर्गणी काढून येतात आणि खाली लिहायला सांगतात, 'शुभेच्छुक : समस्त नागरिक'. सगळेच एका बाजूला आहेत असं दिसलं की उरलेला माणूस तोंड उघडत नाही. सभेच्या फोटोत गर्दी कमी पडली की डावीकडचा तुकडा उचलून उजवीकडे चिकटवायचा. एकदा तोच टोपीवाला दोन ठिकाणी आला, कुणाच्या लक्षातही आलं नाही. आणि १ नोव्हेंबर! आपल्या सीमाभागातल्या मराठी लोकांच्या काळ्या दिनाचा फ्लेक्स आणि कर्नाटकच्या राज्योत्सवाचा फ्लेक्स, फाईल एकच. भगवा काढून लाल-पिवळा घालायचा, शिवाजी महाराजांच्या जागी कित्तूरची राणी चन्नम्मा. खालच्या पुढाऱ्याची मान दोन्हीकडे तशीच वर. वरचं तेज त्याच्या तोंडावर उतरतं, त्याचे मी जादा पैसे घेत नाही.

या युक्त्या काही आपल्याकडच्या नाहीत. १९३७ साली न्यूयॉर्कमध्ये प्रचाराचा अभ्यास करणारी एक संस्था निघाली. तिने सात युक्त्यांना नावं दिली होती. शिक्का मारणं, थोरांचं तेज उसनं घेणं, 'सगळे आलेत, तूही ये' म्हणणं, सोयीची तेवढीच पानं दाखवणं. वाचनालयात ती यादी वाचताना मला आपल्या दुकानाचं ऑर्डरबुक वाचल्यासारखं वाटलं.

सोयीच्या पानांचंच बघ. सीमाप्रश्नावरच्या १९६७ च्या महाजन अहवालात बेळगाव कर्नाटकात ठेवा असं आहे, ते कन्नड बाजूच्या फ्लेक्सवर ठळक येतं. त्याच अहवालात निपाणी आणि खानापूर महाराष्ट्राला द्या असंही आहे, ते येत नाही. आपल्या व्यासपीठावरही निपाणीचं ऐकू येतं, बेळगावचं पान कुणी उलटत नाही. खोटं कुणीच बोललं नाही, बघ.

आणि एकच गोष्ट परत परत सांगणं. आजी बोकडाची गोष्ट सांगायची, आठवते? खांद्यावर बोकड घेतलेल्याला तीन ठक तीन वळणांवर भेटतात, प्रत्येक जण म्हणतो कुत्रं आहे, आणि तो बोकड टाकून देतो. १९७७ साली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग करून हेच दाखवलं की पुन्हा पुन्हा ऐकलेलं वाक्य जास्त खरं वाटतं. आजीचे ठक तीन तरी होते. काल तोच व्हिडिओ मला पाच ग्रुपवरून आला.

आपलं दुखणं खरं आहे रे. १७ जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना फुलं वाहताना माझा गळा आजही दाटतो. ते दुखतं म्हणूनच बोट तिथं ठेवतात. निरोगी जागेवर दाबून कोण ओरडेल?

रात्रीच तुझ्या मामाला फोन करून फ्लेक्सचं सांगितलं. तो म्हणाला, "जुना असंल, पण असं घडतंयच की." यावर मला लगेच उत्तर सुचलं नाही. आणि व्हिडिओ त्यानं ग्रुपवरून काढून टाकलेलाही नाही.

आई कुंदा पाठवते आहे, रूममधल्या पोरांना दे. आणि तो व्हिडिओ तुला पहिल्यांदा कुणी पाठवला, तेवढं कळव.

तुझे,
बाबा