समुद्र डाव्या हाताला ठेवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मॉरिशसच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या रस्त्याविषयी आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख वाचला. फोटो झकास आहेत, पण लिहिणारे मागच्या सीटवर बसून हिंडले असावेत. रस्ता कुठल्या टोकाकडून धरायचा, याचा त्यात उल्लेखच नाही. मी तेहेतीस वर्षं एसटी चालवली. परवाच्या जुलैत चिरंजीवांनी आम्हा दोघांना तिकडे नेलं आणि भाड्याच्या गाडीची किल्ली माझ्या हातात दिली, म्हणून हे लिहितो.

तिथेही आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, स्टिअरिंग उजवीकडे. त्यामुळे हाताला काही नवं नाही. चौकात सिग्नलपेक्षा गोल चक्करच जास्त, आणि त्यात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, एवढं पाळलं की झालं.

पहिल्या दिवशी आम्ही चुकलो. जेवण करून ल मॉर्नहून सुयाककडे, म्हणजे या रस्त्याच्या पश्चिम टोकाकडून पूर्वेला निघालो. समुद्र उजवीकडे. म्हणजे ज्याने बघायचं नाही, नेमका त्याच्या खिडकीत. डावीकडे बसलेल्या सौ.ला मात्र डोंगर, घरं आणि ऊस. "अहो, ऊस बघायला विमानात बसलो का?" असं तिने दोनदा विचारलं. कुठे थांबावं म्हटलं तर समोरून येणाऱ्या गाड्यांना छेद देऊन पलीकडे जायचं, तेही वळणावर. संध्याकाळी त्याच रस्त्याने परतलो. समुद्र डाव्या हाताला आला खरा, पण पाचचा सूर्य थेट काचेवर. झडप खाली ओढून, डोळे बारीक करून गाडी हाकली.

त्यातून सूर्याने आणखी एक गंमत केली. आयुष्यभर दुपारच्या उन्हावरून दिशा ओळखत आलो. तिथे, विषुववृत्ताच्या खाली, जुलैतला दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. मी छातीठोकपणे 'हे दक्षिण' म्हणत उलटीकडे बोट दाखवत होतो. चिरंजीव मोबाइलमधला नकाशा बघून गप्प हसत होते.

दुसऱ्या दिवशी पहाटेच उठलो. शामारेलचा घाट चढून आतल्या रस्त्याने गंगा तलाव हे तिथल्या हिंदूंचं तीर्थ गाठलं, सौ.ने दर्शन घेतलं, आणि खाली सुयाकला उतरलो. तिथून पश्चिमेकडे. आता समुद्र डावीकडे, ऊन पाठीमागे. कुठेही डावा इंडिकेटर द्यायचा आणि गाडी कडेला घ्यायची.

सुरुवात सुयाकच्याच ग्री-ग्री किनाऱ्यापासून करावी, कारण तिथे काय नाही हे कळलं की पुढचं सगळं कळतं. या बेटाच्या भोवती प्रवाळाचा बांध आहे. लाटा दूर त्याच्यावरच फुटतात, त्यामुळे आतलं पाणी तळ्यासारखं निवांत, पोपटी-निळं. ग्री-ग्रीला बांध तुटलेला आहे. लाट थेट काळ्या कातळावर येते. कठड्यापाशी उभं राहिलं की आधी पायाखाली दणका जाणवतो, मग आवाज येतो, आणि त्यानंतर चष्म्यावर खारट तुषार. पुढे बेल ऑम्ब्रकडे तीच फेसाची पांढरी रेघ लांब समुद्रात सरकलेली दिसते.

बे द्यु कापजवळ माकोंदेचं वळण आहे. कातळ समुद्रात घुसलाय आणि रस्ता त्याला वळसा घालून पाण्याच्या अगदी कडेने जातो. पलीकडचं काही दिसत नाही. हॉर्न द्या, वेग कमी करा, आणि वळणावर फोटोसाठी गाडी उभी करू नका. आमच्यासमोर एका जोडप्याने केली होती. मागे बस येऊन थांबली, तिच्या ड्रायव्हरने फक्त दोन्ही हात वर केले. मला त्याचं मन कळलं. गाडी लांब लावून पायऱ्या चढून वर जा, तिथून सगळं दिसतं.

त्यानंतर ल मॉर्नचा ५५६ मीटरचा कडा समोर येतो. मळ्यांतून पळालेले गुलाम याच्यावर लपून राहत. २००८ साली तो जागतिक वारसा यादीत गेला. त्याच्या पायथ्याशी सुरूच्या सावलीत गाडी लावली, किल्ली खिशात टाकली, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा मी समुद्राकडे नीट पाहिलं.

पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा सोबतच्या नकाशावर एक बाण काढा, सुयाककडून ल मॉर्नकडे, आणि बाजूला 'सकाळी' एवढंच लिहा.

आपला,
एक निवृत्त एसटी चालक